देखभालीच्या व्यवसायात वेठबिगारी कुठून शिरते आणि ती कशी पकडायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरोघरी जाऊन वृद्धांची आणि आजाऱ्यांची देखभाल करणारी एक संस्था आहे. साठेक कर्मचारी, त्यातले पंधरा-वीस जण परदेशातून एजंटमार्फत आलेले, काही जणी रुग्णाच्या घरीच चोवीस तास राहणाऱ्या. एका मोठ्या ग्राहकाने ‘आधुनिक गुलामगिरीविरोधी धोरण’ मागितलं आहे. संस्थाचालक विचारतात, “आम्ही कोणाला कोंडत नाही, मारत नाही. मग धोरणात लिहायचं काय आणि प्रत्यक्षात करायचं काय?”

लिहिण्याचं शेवटी बघू, ते दोन पानांचं काम आहे. करण्याचं आधी.

“कोंडत नाही, मारत नाही” हे बहुतेक ठिकाणी खरंच असतं, पण त्याने काही सिद्ध होत नाही. या धंद्यात कडी-कुलूप क्वचितच सापडतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९३० च्या २९ क्रमांकाच्या करारात सक्तमजुरीची व्याख्या केली, ती आजही तीच आहे: कुठल्याही शिक्षेचा धाक दाखवून करून घेतलेलं आणि माणसाने स्वखुशीने न दिलेलं काम. ही ‘शिक्षा’ म्हणजे चाबूकच असायला हवा असं नाही. थकलेला पगार बुडेल, व्हिसा जाईल, सावकार गावाकडे माणसं पाठवेल, राहती खोली सोडावी लागेल, हे सगळं शिक्षेतच मोडतं. आणि स्वखुशी रुजू होण्याच्या दिवशी एकदा मोजून भागत नाही. जिला पुढे कधीच ‘नाही’ म्हणता येत नाही, तिने पहिल्या दिवशी म्हटलेल्या ‘हो’ला काही अर्थ उरत नाही.

याच संघटनेने सक्तमजुरीच्या ११ खुणा दिल्या आहेत: अगतिकतेचा गैरफायदा, फसवणूक, हालचालींवर बंधन, एकटं पाडणं, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा, धमक्या, ओळखपत्रं काढून घेणं, पगार अडकवणं, कर्जाची बांधिलकी, राहण्याची आणि कामाची वाईट परिस्थिती, अतोनात ओव्हरटाइम. यादी भिंतीवर लावून उपयोग नाही, कारण देखभालीच्या कामात यातल्या चार-पाच गोष्टी कामाच्या स्वरूपातच दडलेल्या असतात. कर्मचारी परक्या घरात एकटी असते, तिथेच झोपते, रात्री उठते, आणि तिच्यावर कोणाची नजर नसते. कारखान्यात शंभर जण एकमेकांना दिसतात. इथे प्रत्येकीचा कारखाना वेगळा.

म्हणून खुणा मोजण्याआधी एकच प्रश्न प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे लिहून बघा: हिने उद्या सकाळी नोकरी सोडायची ठरवली तर तिला काय काय गमवावं लागेल? अडकलेला पगार, अनामत, एजंटचं कर्ज, बॉंडची (ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायची) रक्कम, डोक्यावरचं छप्पर, व्हिसा, कागदपत्रं, पुढच्या नोकरीसाठी लागणारा दाखला. प्रत्येक बाबीपुढे रक्कम किंवा परिणाम मांडा. बेरीज तिच्या तीन महिन्यांच्या हातात पडणाऱ्या पगारापेक्षा जास्त होत असेल, तर ती तुमच्याकडे राजीखुशीने आहे की नाइलाजाने, हे तुम्हाला सांगता येणार नाही. तीन महिने हा कायद्यातला आकडा नाही, कामापुरता धरलेला आडाखा आहे. साठ जणांची यादी करायला दोन दिवस लागतात. पुढचं सगळं काम या यादीतले रकाने एकेक करून रिकामे करण्याचं आहे.

सगळ्यात जड रकाना एजंटच्या कर्जाचा. त्याचं गणित एकदा कागदावर बघितलं की रोस्टर (कोणाला कधी काम, याचं वेळापत्रक) लावणाऱ्याचा हात आपोआप जपून चालतो. महिन्याचा पगार १०० धरा. इथे पोचण्यासाठी तिने ६०० मोजले, म्हणजे सहा महिन्यांचा पगार, तेही महिना ३ टक्के व्याजाने काढून. व्याज महिन्याला १८. घरी ५० पाठवायचे, स्वतःला २५ लागतात, उरले २५. त्यातले १८ व्याजात गेले, मुद्दल सुटलं फक्त ७. या चालीने कर्ज फिटायला सुमारे ४३ महिने लागतात. आता तुम्ही तिच्या शिफ्ट कमी केल्या आणि पगार १०० वरून ९० वर आला. उरतात १५, व्याज १८. त्या महिन्यापासून कर्ज फिटायचं थांबून वाढायला लागतं. तुम्ही कोणाला धमकी दिलेली नाही, फक्त दहा टक्के तास कमी केलेत. पण तिच्या दृष्टीने आता दुप्पट शिफ्ट घेणं, आजारपणात कामावर येणं आणि कुठल्याही वागणुकीला मान खाली घालणं याला पर्याय राहिलेला नाही. त्यामुळे ‘ती स्वतःच ओव्हरटाइम मागते’ हे वाक्य ऐकलं की खूश होण्याआधी तिचं कर्ज विचारावं.

उपाय तत्त्वतः सोपा आहे: भरतीचा सगळा खर्च मालकाने करायचा, कर्मचाऱ्याने एक पैसाही नाही. खाजगी रोजगार संस्थांबद्दलच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात एजंटने कामगाराकडून शुल्क घेऊ नये असा नियम आहे, अगदी मोजके अपवाद सोडून. शुल्क म्हणजे फक्त ‘कमिशन’ असंही नाही. वैद्यकीय तपासणी, विमा, कौशल्य चाचणी, रुजू होण्याआधीचं प्रशिक्षण, गणवेश आणि साधनं, प्रवास, वाटेतला मुक्काम, व्हिसा आणि कागदपत्रांचा खर्च हे सगळं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत भरती-खर्चातच धरलं आहे.

व्यवहारात हे बिघडतं ते उप-एजंटमुळे. तुमच्याशी करार करणारा एजंट ‘कामगाराकडून शुल्क घेणार नाही’ असं लिहून देतो आणि तो खोटंही बोलत नसतो. पैसे त्याच्या खालच्या, किंवा त्याच्याही खालच्या माणसाने गावात घेतलेले असतात. पावती असलीच तर ‘भाषा वर्ग’, ‘फाइल तयार करणे’, ‘मार्गदर्शन’ अशा नावाने. एजंट तुम्हाला माणसं अगदी नाममात्र दरात किंवा फुकट देत असेल, तर त्याचा खर्च दुसऱ्या बाजूने निघालेला आहे हे धरून चाला. योग्य एजंटचं बिल जड असतं, आणि त्यात विमानभाड्यापासून तपासणीपर्यंत ओळ न ओळ वेगळी दिसते. करारात तीन गोष्टी हव्यात: साखळीतल्या सगळ्या उप-एजंटची नावं, शुल्क घेतल्याचं आढळल्यास ते एजंटने परत करायची अट, आणि निघण्याआधी उमेदवाराशी थेट बोलण्याचा तुमचा हक्क.

आता विचारायचं कसं. “तुम्ही फी दिलीत का?” असं विचारलं की उत्तर “नाही” येतं, कारण ते उत्तर विमानात बसण्याआधी घोटून घेतलेलं असतं. त्याऐवजी खर्चाची हकिगत विचारा. घरातून निघाल्यापासून इथे पोचेपर्यंत एकूण किती पैसे लागले? कोणाकोणाच्या हातात दिले? ते उभे कुठून केले, दागिना मोडला, जमीन गहाण टाकली की उसने घेतले? अजून किती फेडायचे आहेत? दरमहा कोणाला पाठवता? हेच प्रश्न तीनदा विचारायचे: निघण्याआधी फोनवर (ती एजंटच्या कचेरीत बसलेली नसताना), पोचल्यावर पंधरा दिवसांत, आणि पुन्हा चार-सहा महिन्यांनी. खरं उत्तर बहुधा तिसऱ्या वेळी मिळतं. तोपर्यंत पगार वेळेवर होतो आणि खरं सांगणाऱ्याला कोणी परत पाठवत नाही, हे तिने स्वतः पाहिलेलं असतं.

शुल्क दिल्याचं समजलं तर ते परत करायचं, आणि पावती मागत बसायचं नाही. पावती नसणं हाच या व्यवहाराचा गुण आहे. त्याच भागातून, त्याच काळात, त्याच एजंटकडून आलेल्या चार-पाच जणींच्या सांगण्यावरून सरासरी काढा आणि तेवढी रक्कम सगळ्यांना द्या. जमल्यास एकरकमी, नाहीतर थोड्या महिन्यांत, पगारपत्रकावर वेगळ्या ओळीने. हप्ते दोन वर्षांवर नेलेत तर व्याज तिलाच चढत राहतं आणि ‘परतफेड संपेपर्यंत थांब’ अशी नवी बेडी तयार होते. मधेच नोकरी सोडली तरी राहिलेली रक्कम मिळेल, हे लेखी द्या. एजंटकडून वसुली हा तुमचा आणि एजंटचा मामला. तो तिच्या परतफेडीच्या आड येता कामा नये.

कागदपत्रांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, नियम सरळ आहे. पासपोर्ट बघायचा, प्रत काढायची, त्याच दिवशी, शक्यतो त्याच टेबलावर परत द्यायचा आणि परत दिल्याची सही घ्यायची. ‘सुरक्षित राहावा म्हणून आमच्याकडे ठेवला, तिची संमती आहे’ असं पत्र फाइलमध्ये असणं हे निर्दोषपणाचं लक्षण मानू नका. असं पत्र कोणीही सही करून देतं. घरकामगारांबद्दलच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारातही ओळखपत्रं कामगाराच्याच ताब्यात राहण्याचा हक्क नोंदवलेला आहे. सुरक्षिततेचीच काळजी असेल तर प्रत्येकीला कुलपाचा कप्पा द्या, किल्ली तिच्याकडे. एक गोष्ट मात्र हमखास निसटते: पासपोर्ट तुमच्या कचेरीत नसतो, पण रुग्णाच्या मुलाच्या कपाटात असतो. घरी पाहणीला गेल्यावर “तुझा पासपोर्ट आत्ता कुठे आहे?” हा प्रश्न तिला एकटीला विचारायचा. शैक्षणिक प्रमाणपत्रं, बँकेचं कार्ड आणि फोनचं सिम यांनाही हाच नियम.

पगाराच्या बाबतीत बहुतेक संस्था प्रामाणिक समजुतीने चुकतात. ताशी दर किमान वेतनापेक्षा वर असतो, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. एक दिवस उलगडून बघा. दहा घरी प्रत्येकी अर्ध्या तासाची भेट, म्हणजे ५ तास. दोन घरांमधला प्रवास २० मिनिटांचा, नऊ वेळा, म्हणजे ३ तास. पगार फक्त भेटींचा, ताशी १०० ने ५००. पण काम ८ तासांचं झालं, म्हणजे खरा दर ६२.५ पडला. किमान वेतन ८० असेल तर तुम्ही ते मोडलंत, आणि दुपारी दोन तास रस्त्यात काढावे लागले ते अजून धरलेलेच नाहीत. त्यातून पेट्रोल किंवा बसचं भाडं तिने भरलं तर दर आणखी खाली. म्हणून पगारपत्रकात भेटीचे तास, प्रवासाचे तास, थांबण्याचे तास आणि प्रवासखर्च अशा चार वेगळ्या ओळी हव्यात. आणि तिला ते पत्रक वाचता आलं पाहिजे. तिच्या भाषेत एकदा समजावून दिलेला नमुना पुरतो. पुढच्या महिन्यापासून चूक तीच दाखवते.

कपातीच्या बाबतीत माझं मत कडक आहे. गणवेश, हातमोजे, पोलिस पडताळणी, सक्तीचं प्रशिक्षण यांचे पैसे पगारातून कापायचे नाहीत. ही धंद्याची साधनं आहेत. खोलीचं भाडं कापायचं असेल तर ते बाजारभावापेक्षा कमी असावं, खोली घ्यायची की नाही हे तिच्या मर्जीवर असावं, आणि नोकरी सुटली तर खोली सोडायला किमान चार आठवडे मिळावेत. नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी जात असेल तर ती राजीनामा लिहायला धजत नाही. अगाऊ उचल दिलीच तर बिनव्याजी, एका महिन्याच्या पगाराहून जास्त नाही, आणि दरमहा वसुली पगाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत. उचल वाढत जाणं हा जुन्या वेठबिगारीचा राजमार्ग आहे, आणि तो नव्या सॉफ्टवेअरमध्येही तितकाच रुंद असतो.

प्रशिक्षणाचा बॉंड नसलेलाच बरा. ठेवायचाच असेल तर बाहेरच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमापुरता, ज्याचं प्रमाणपत्र तिला दुसरीकडेही चालेल, झालेल्या खर्चाएवढाच, आणि दरमहा घटत जाऊन वर्षभरात शून्यावर येणारा. आजारपण, छळ किंवा तुमच्याकडून करारभंग यामुळे ती गेली तर बॉंड लागू नाही, हे त्याच कागदावर लिहा. बॉंडची रक्कम खर्चाशी जुळत नसेल, नुसतीच ‘जाऊ नये म्हणून’ लावलेली असेल, तर तो बॉंड प्रशिक्षणाचा नाही.

पगार विभागातल्या माणसाला अर्ध्या तासाचं एक काम द्या. कर्मचाऱ्यांची यादी बँक खाते, पत्ता, फोन नंबर आणि तातडीचा संपर्क या चार रकान्यांवर एकेकदा क्रमाने लावून बघायची. दोन-तीन जणींचा पगार एकाच खात्यात जातोय का? आठ जणींचा पत्ता एकच आहे का? पाच जणींनी तातडीचा संपर्क म्हणून एकाच माणसाचं नाव दिलंय का, आणि तो माणूस तुमचाच सुपरवायझर तर नाही? बहिणी-बहिणी किंवा नवरा-बायको असतील तर यात काही गैर नाही, त्यामुळे लगेच आरोप करू नका. पण नात्यात नसलेल्या चौघींचा पगार एका खात्यात जात असेल, तर बाकी सगळी धोरणं बाजूला ठेवून आधी तिथे बघा.

आता रुग्णाच्या घरी राहून काम करणाऱ्या केअरगिव्हर, म्हणजे देखभाल करणाऱ्या कर्मचारी. इथेच सर्वात जास्त वेळ द्यावा, कारण गैरप्रकाराची मुळं ग्राहकाला दिलेल्या दरपत्रकातच असतात. आठवड्याचे १६८ तास असतात. माणसाचा आठवडा ४८ तासांचा धरला तर खऱ्या चोवीस तासांच्या जागत्या देखभालीला साडेतीन माणसं लागतात. ४० तासांचा धरला तर ४.२. तुम्ही ग्राहकाला ‘चोवीस तास, एक व्यक्ती’ या दराने सेवा विकलीत, की उरलेल्या अडीच माणसांचं काम कोणीतरी फुकट करणार हे त्याच क्षणी ठरलं. त्यानंतर कितीही चांगला सुपरवायझर नेमला तरी गणित बदलत नाही. म्हणून विक्री करणाऱ्याने ‘घरी राहणारी एक केअरगिव्हर’ विकताना लेखी सांगायचं: जागं राहून काम इतके तास, रोज सलग तीन तास सुट्टी, त्या वेळेत बदली माणूस किंवा घरचं कोणी; आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी, त्या दिवशी दुसरी व्यक्ती; रात्री झोप. सलग २४ तासांची साप्ताहिक विश्रांती १८९ क्रमांकाच्या करारातही किमान म्हणून दिली आहे, आणि सुट्टीच्या वेळेत घरातच थांबायची सक्ती करता येत नाही, हेही त्यातच आहे. हा दुसरा भाग बहुतेकांना माहीत नसतो. सुट्टी आहे, पण “इथेच बस, आजींना काही लागलं तर” ही सुट्टी नव्हे.

रात्रीची नोंद हे या सगळ्यातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी साधन. पलंगाशेजारी एक वही: तारीख, उठल्याची वेळ, कारण, परत झोपल्याची वेळ. सकाळी बेरीज. ‘झोपून राहण्याची’ रात्र किती धरायची याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असा निकाल दिला, की अशा शिफ्टमध्ये किमान वेतनासाठी कामानिमित्त जागं राहिलेला वेळच धरायचा. म्हणजे जिथे असा कायदा आहे तिथे वही नसेल तर जागरणाचा मोबदला मागायला पुरावाच नाही. वहीचा दुसरा उपयोग नियोजनाचा. सलग तीन रात्री दोनपेक्षा जास्त वेळा उठावं लागलं, तर ती झोपेची रात्र राहिली नाही. रुग्णाचं पुन्हा मूल्यमापन करून रात्रीसाठी वेगळी जागती व्यक्ती लावायची आणि दर बदलायचा. हा फोन ग्राहकाला करायचं संस्था टाळतात. मग तीन आठवड्यांनी न झोपलेली केअरगिव्हर औषधांचा डोस चुकवते, आणि चौकशी तिची होते.

राहण्याची जागा बघायची ती खोलीत उभं राहून. दाराला आतून कडी आहे का? स्वतःचा पलंग आहे की रुग्णाच्या पायाशी गादी? कपाट, खिडकी, आंघोळीची सोय, फोनला रेंज? कॅमेरे कुठे आहेत, आणि ती जिथे झोपते तिथे एकही नाही ना? जेवण कोणाकडून, आणि पुरेसं? देखभालीच्या योजनेत नसलेली कामं किती? सुरुवातीला फक्त रुग्णाचं जेवण असतं, मग घरच्यांचं, मग पाहुण्यांचं, मग मुलीच्या घरची साफसफाई. एका वेळी एवढंसंच वाढतं, म्हणून तिला हरकत घ्यायलाही लाज वाटते. करारात ‘ही कामं नाहीत’ अशी वेगळी यादी असली की तिला स्वतः भांडावं लागत नाही, संस्थेकडे बोट दाखवता येतं.

आणखी एक पकड या व्यवसायातच दिसते, आणि ती कुठल्याही तपासणीच्या यादीत सापडत नाही. “तू गेलीस तर आई जेवायच्या नाहीत.” हे खरंही असतं. जिव्हाळ्याने बांधलेली केअरगिव्हर सुट्टी घेत नाही, थकलेला पगार मागत नाही, आणि घरच्यांना ते पक्कं ठाऊक असतं. तिला ‘व्यावसायिक अंतर ठेव’ असं व्याख्यान देऊन काही होत नाही. पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक रुग्णाला दोन चेहरे ओळखीचे करा, दुसरीला आठवड्यातून निदान एक दिवस पाठवा. मग पहिलीला आजारी पडायची मुभा मिळते.

व्हिसा मालकाशी बांधलेला असेल तर तुमचा साधा राग सुद्धा धमकी ठरतो, हे सुपरवायझरना शिकवावं लागतं. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये केअर वर्करना हेल्थ अँड केअर व्हिसाचा मार्ग खुला केला आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्या भरतीसाठी तो बंद केला. मधल्या काळात अनेकांना आणलं गेलं, पण सांगितलेले तास प्रत्यक्षात नव्हतेच. तिथे मालकाचा परदेशी माणसं आणायचा परवाना गेला किंवा नोकरी सुटली तर नवा प्रायोजक (व्हिसासाठी नाव देणारा मालक) शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. म्हणून हातात काम नसताना माणसं आणायची नाहीत, कागदावर लिहिलेले तास काम नसलं तरी पगारात द्यायचे, आणि नोकरी कशी बदलता येते याची माहिती रुजू होतानाच तिच्या भाषेत द्यायची. मागितल्यावर पाच दिवसांत अनुभवाचा दाखला, कुठलीही अट न घालता. जाणाऱ्याला वाट दाखवून दिली तर सगळेच जातील, ही भीती ज्याला वाटते त्याने ‘नोकरी सोडल्यास काय गमवावं लागेल’ ही सुरुवातीची यादी पुन्हा वाचावी.

तुमच्या संस्थेबाहेरचंही थोडं. धुलाई, सफाई आणि ऐनवेळी रात्रपाळीला माणूस पुरवणारी एजन्सी यांच्याकडून पगारपत्रकाचे नमुने मागा. आणि हातमोजे. देखभालीत सर्वात जास्त खपणारी ही वस्तू. २०२० मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने मलेशियातल्या एका बड्या उत्पादकाचे रबरी हातमोजे सक्तमजुरीच्या कारणावरून अडवले, आणि पुढे त्या कंपनीने परदेशी कामगारांना भरतीचं शुल्क परत केलं. साठ माणसांची संस्था मलेशियातला कारखाना तपासू शकत नाही, पण पुरवठादाराला “हे कुठल्या कारखान्यातले आणि कामगारांचं भरती-शुल्क कोण भरतं?” एवढं लेखी विचारू शकते.

हे सगळं कळणार मात्र बोलण्यातूनच. मुलाखत घेताना सुपरवायझर खोलीत नको, दुभाषी त्याच गावचा किंवा त्याच एजंटचा नको, आणि जागा ग्राहकाचं घर नको. प्रशिक्षणाच्या दिवशी सगळ्यांशीच दहा-दहा मिनिटं बोललात तर कोणावर बोट येत नाही. आधी साधं विचारा: काल किती वाजता झोपलात, गेल्या आठवड्यात बाहेर कधी गेलात, घरी शेवटचा फोन कधी केला. उत्तराइतकंच उत्तर द्यायच्या आधी ती कोणाकडे बघते तेही टिपा. सगळ्यांच्या वतीने एकच जण बोलतो, सगळ्यांना गाडीतून तोच आणतो-नेतो, रजेचे अर्जही तोच भरतो, असा ‘फार मदत करणारा’ माणूस दिसला तर त्याच्या गैरहजेरीत पुन्हा बोला. बऱ्याचदा तो खरंच भला असतो. कधीकधी वसुली करणारा तोच असतो.

काही सापडलं तर पहिल्या दिवशीच्या चुका सर्वात महाग पडतात. संशयिताला बोलावून जाब विचारायचा नाही. संध्याकाळपर्यंत मुलींचे फोन बंद होतात. जिच्यावर अन्याय झाला तिला कचेरीत बोलावून चौकशी समितीपुढे बसवायचं नाही. जिवाला धोका आहे का, आज रात्री ती कुठे झोपेल, हे आधी. ती जे सांगते ते तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहा. अर्थ लावू नका. ‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कोणाला सांगावं लागेल ते सांगा. पोलिस किंवा कामगार खात्याकडे जाण्याआधी तिची संमती घ्या; अल्पवयीन असेल किंवा धोका तातडीचा असेल तर थांबू नका. पगारपत्रकं, रोस्टर आणि संदेश त्याच दिवशी वेगळे जतन करा. तिचा पगार चालू ठेवा. आणि एजंटशी करार रागाच्या भरात तोडू नका: त्याच्याकडे पैसे भरून वाट बघणाऱ्या आणखी जणी असू शकतात, त्यांची नावं आधी मिळवा. सर्वात वाईट उपाय म्हणजे ‘भानगड नको’ म्हणून तिलाच कामावरून काढणं. कर्ज तसंच राहतं, पगार जातो, आणि पुढचा मालक तिला याहून स्वस्तात मिळवतो.

आता ते धोरण. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात ३.६ कोटी पौंड किंवा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना, तर ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या कायद्यात १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा अधिक उत्पन्नाच्या संस्थांना आधुनिक गुलामगिरीबाबत दरवर्षी निवेदन द्यावं लागतं. तुमच्यासारख्या लहान संस्था सहसा त्यात येत नाहीत, पण मोठे ग्राहक साखळीतल्या सगळ्यांकडे कागद मागतात. ‘आम्ही कोणतीही गुलामगिरी खपवून घेत नाही’ हे वाक्य एकदाच लिहा. बाकी जागा आकड्यांना द्या: किती जणींना भरती-खर्च विचारला, किती जणींनी दिल्याचं सांगितलं, किती रक्कम परत केली, आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त किती जणींचे झाले आणि का, किती घरी पाहणी झाली, किती ग्राहकांचे करार बदलले किंवा सोडले. ‘एकही प्रकरण नाही’ असं पहिल्याच वर्षी लिहिणाऱ्या संस्थेवर जाणकार ग्राहक विश्वास ठेवत नाही. तिने शोधलेलंच नाही असं समजतो. सही संचालकाची. ग्राहकाला पाठवायची प्रत आणि कर्मचाऱ्यांना द्यायची प्रत एकच ठेवा. फक्त दुसरी त्यांच्या भाषेत, आणि खाली असा फोन नंबर जो सुपरवायझर उचलत नाही.